देठावरचा लाल दोरा

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही थोडं पुढे सरका. आज एक गोष्ट सांगतो, पण ती चारचौघांत ओरडून सांगण्यातली नाही. लाजेची गोष्ट आहे, आणि लाजेची गोष्ट कशी, गुडघ्याला गुडघा लावून, खालच्या आवाजात सांगावी. देवाचं नाव घेऊनच सुरू करतो. यात एक चांगला माणूस खोटं बोलतो, आणि तशा माणसाविषयी बोलताना आपली जीभ सांभाळायला कुणीतरी वरचा लागतोच.

तर माणूस कोण? एक फोटोग्राफर. सगळी गल्ली त्यांना हसाकाका म्हणायची. चौकात त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. पासपोर्टच्या फोटोसाठी कुणी स्टुलावर बसलं, की काका पडद्यामागून म्हणायचे, "हनुवटी जरा वर... खांदे सैल... आता हसा. अहो, एवढं नको, सरकारी फोटो आहे!" गिऱ्हाईक खदखदून हसायचं, आणि मग जे हसू उरायचं तेवढंच काका टिपायचे.

पण त्यांचं खरं काम गिऱ्हाईक गेल्यावर सुरू व्हायचं. टोकदार पेन्सिल घेऊन ते निगेटिव्हवर वाकून बसायचे. कपाळावरची आठी, गालावरचा फोड, कॉलरवर पडलेला केस, जे जे नको ते ते काकांच्या हातून अलगद नाहीसं व्हायचं. नंतर कंप्युटर आला, पेन्सिल गेली, सवय तीच राहिली. "देवाने घाईत केलेलं मी निवांत करतो," असं ते गमतीने म्हणायचे.

"भावजी, देवालाही कान असतात," वहिनी म्हणायच्या.

या वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा काका म्हणजे शाळेत जाणारं, आई नसलेलं पोर होतं. त्यांच्या शर्टाची बटणं वहिनींनी लावली, परीक्षेला पहाटे उठवलं वहिनींनी. पुढे काकांनी लग्न केलं नाही. भाऊ गेला, हातातल्या फोनवर जो तो आपलाच फोटोग्राफर झाला, स्टुडिओला कुलूप लागलं, आणि काका वहिनींच्याच घरी मागच्या खोलीत राहत होते. त्या खोलीच्या खिडकीतून वहिनींची बाग दिसायची.

बाग म्हणजे काय हो, अंगणभर जागा. पण वहिनींनी तिच्यात एक वीत मोकळी सोडली नव्हती. कुंपणाशी गुलाब, भिंतीवर जाई, आणि मधल्या लांबट वाफ्यात ॲस्टर. निळे, गुलाबी, पांढरे. त्यातच एका साली देवाच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, एक झाड वेगळंच फुललं. पाकळी दुधासारखी पांढरी आणि तिच्या टोकाला बारीक जांभळी कड, जशी कुणी सुईने ओढावी. वहिनींनी त्याचं बी धरलं. पुढच्या साली त्यातून पुन्हा जांभळ्या कडेची चार फुलं आली. तेव्हापासून दर साली निवडून निवडून त्या ते फूल जपत आल्या होत्या. ॲस्टरचं बी फार टिकत नाही, एखादं साल चुकलं की रुजायचं थांबतं. म्हणजे हे जपणं एका दमाचं नव्हे. नामस्मरणासारखंच ते, खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून.

त्यांची रीत अशी. कडेचं झाड ओळखायचं, त्यावर एकच फूल ठेवायचं, बाकीच्या कळ्या खुडून टाकायच्या म्हणजे सगळी ताकद त्या एकात उतरते. आणि त्याच्या देठाला लाल लोकरीचा दोरा बांधायचा. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं की लाल दोरा म्हणजे हे बियाचं फूल, सुकलं तरी हात लावायचा नाही.

या साली मात्र दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे, जवळचं सगळं बी पेरूनही कडेचं झाड एकच आलं. आणि दुसरी, वहिनींचे डोळे अधू झाले. समोर बघितलं की मधोमध धुक्याचा ठिपका, असं त्या सांगायच्या. जांभळी कड त्यांनी या वेळी डोळ्यांशी फूल नेऊन, मान तिरकी करकरून, कशीबशी ओळखली होती.

"पुढच्या साली मला दिसेल न दिसेल," त्या सुनेला म्हणाल्या. "हे बी तुझ्या हाती देते. तू धर."

वहिनी ज्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायच्या, तिथेच सून काउंटरवर काम करायची. तोंडाने फटकळ, मनाने लोणी. "माझ्या हाती काय देताय आई, माझ्या हातची प्लास्टिकची फुलंसुद्धा मरतात!" ती म्हणाली, पण सुट्टीच्या दिवशी कात्री घेऊन सुकलेली फुलं कापायचं काम तिने आपणहून घेतलं होतं.

काकांचं काम काय? फोटो. रोज सकाळी ऊन कुंपणावरून उतरलं की ते कॅमेरा गळ्यात अडकवून वाफ्याशी उकिडवे बसायचे. फुलामागे काळं कापड धरायचं, पिचकारीने दोन थेंब उडवायचे, किडकं पान वळवून मागे दडवायचं. वहिनी पायरीवर बसून हसायच्या. "त्यालाही सांगा, हनुवटी जरा वर."

अशाच एका सकाळी काकांनी कडेच्या फुलाचा फोटो काढायला घेतला. फूल पुरतं उमललेलं, ऊन मऊ, वारा नाही. असं जुळून यायला भाग्य लागतं. त्यांनी पहिला फोटो घेतला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला आणि कपाळाला आठी पडली. मधोमध लाल दोरा. फुलावर नजर ठरेना, सारखी दोऱ्यावरच जाई! कॉलरवरचा केसच तो.

आता सांगा, काकांना दोऱ्याचा अर्थ माहीत नव्हता का? चांगला माहीत होता. पण डोक्याला माहीत असतं ते हाताला माहीत असतंच असं नाही, आणि त्या हाताने जन्मभर एकच काम केलं होतं. खिशातली बारीक कात्री निघाली, कच्च झालं, दोरा गाठीसकट काकांच्या शर्टाच्या खिशात गेला. "दोन मिनिटांत दुसरा बांधतो," ते मनाशी म्हणाले. मग फोटो काढले, खालून, बाजूने, उन्हात, सावलीत. असा फोटो त्यांच्या हातून आयुष्यात निघाला नव्हता. अंगावर काटा आला. "वहिनी, चहा टाक गं, आज काहीतरी झालंय!" म्हणत ते आत गेले ते कंप्युटरसमोर बसले, आणि ती दोन मिनिटं काही परत आली नाहीत.

सुट्टीच्या दिवशी सून बागेत कात्री घेऊन फिरली. ॲस्टर उतरणीला लागले होते. ती गाणं गुणगुणत होती आणि काका खिडकीत बसून त्याच फुलाच्या फोटोवर शेवटचा हात फिरवत होते. बाहेर कच्च, कच्च आवाज येत होता. काकांना तो ऐकू येत होता, बरं का. म्हणून तर मी म्हणतो, कान असून भागत नाही.

संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना खिशात बोटांना लोकर लागली.

काका तसेच उठले. अनवाणी धावत वाफ्याशी गेले. कडेच्या झाडाचा देठ वर बोडका उभा होता. कापलेल्या फुलांची पिशवी फाटकाशी ठेवलेली होती, सकाळी कचऱ्याची गाडी यायची होती. पिशवी तिथेच होती! हात घालायचा अवकाश. पण तेवढ्यात सून दारात आली. "काय काका, काही हरवलं का?"

आणि काका म्हणाले, "नाही गं. असाच, वारा खायला."

एवढंच. एवढ्याशा शब्दांत माणूस घसरतो. सकाळी बघू, त्यांनी ठरवलं. सकाळी जाग आली ती गाडीच्या घंटेने, आणि फाटकाशी पोचेपर्यंत गाडी वळणावरून दिसेनाशी झाली होती.

दोन दिवसांनी वहिनी वाफ्यात बसून हाताने देठ चाचपू लागल्या. एक देठ, दुसरा, पुन्हा पहिला. "अगं, माझा दोरा कुठाय?"

सून धावली. "आई, खरंच सांगते, मी दोरा बघून बघून कापत होते. या झाडावर दोरा नव्हता हो!"

"बांधला होता मी. दुहेरी गाठ मारली होती."

"नव्हता आई. असता तर मी हात लावला असता का?" सुनेचे डोळे भरून आले.

वहिनींनी पुन्हा एकदा तो देठ चाचपला. मग पायरीवर उभ्या असलेल्या काकांकडे त्यांनी मान वळवली. नीट दिसत नव्हतं, म्हणून किंचित दुसरीकडेच बघत त्यांनी विचारलं, "भावजी, तुम्ही फोटो काढलात ना त्याचा? तेव्हा दोरा होता का हो?"

या इथे देवाने काकांना दार उघडून दिलं होतं. सताड. नुसतं पाऊल टाकायचं होतं.

"लक्ष नाही गेलं, वहिनी," काका म्हणाले.

ज्या माणसाला परक्याच्या कॉलरवरचा केस दिसायचा, त्याचं लक्ष नाही गेलं! पण वहिनींनी शंका घेतली नाही. भावजी खोटं बोलतील हे त्यांच्या मनाच्या कुठल्याही कोपऱ्यात नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी बांधलाच नसेन. बांधला असं नुसतं वाटत असेल." आणि सुनेला जवळ घेऊन म्हणाल्या, "तू नको रडूस गं. तुझी काही चूक नाही. माझंच डोकं कामातून चाललंय."

काका पायरीवरून आत निघून गेले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पण लाज ही अशी वस्तू आहे, श्रोते हो, की ताजी असताना बोलून टाकली तर टाकली, नाहीतर तिच्यावर रोज एक थर चढतो. आज सांगायचं तर कालचं न सांगणंही सांगावं लागतं.

वहिनी बदलल्या. गॅस बंद केला की नाही हे त्या पुन्हा पुन्हा बघायला लागल्या. किल्ली हातात असून सुनेला विचारायच्या, "मी कुलूप लावलं ना गं?" जिला घरातल्या प्रत्येकाच्या चपलेचा नंबर पाठ, ती बाई आपल्याच हातावर विश्वास ठेवीना. बागेत जाणं तर थांबलंच. "मी काहीतरी भलतंच उपटून ठेवेन," म्हणायच्या. संध्याकाळी भजनाला बसल्या की मधली ओळ आठवायची नाही असं नाही, आठवायची. पण म्हणायचं धाडस व्हायचं नाही. ओठ नुसते हलायचे. शेजारी बसलेले काका टाळ धरून जमिनीकडे बघत राहायचे.

आणि इकडे फोटोचं कौतुक मावेना. सुनेने तो दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना दाखवला. त्या इतक्या हरखल्या की मोठा करून, काचेच्या चौकटीत घालून तो त्यांनी बाहेरच्या खोलीत लावला. तपासणीला येणारी माणसं त्याखाली बसायची. "किती स्वच्छ आहे बघा," म्हणायची, "एक काडी जास्त नाही." स्तुतीच्या एकेका शब्दाला काकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वहिनींच्या तपासणीचा दिवस आला. सून आधीच कामावर होती, म्हणून काका त्यांना घेऊन गेले. नेमकी जागा मिळाली ती फोटोखालच्या बाकावर.

"वर तुमचा फोटो आहे ना?" वहिनींनी विचारलं. "मला पांढरं पांढरं दिसतंय. छान आलाय?"

"बरा आलाय."

"राहिलं बाई ते कुठंतरी," त्या म्हणाल्या, आणि हात जोडून त्यांनी त्या धूसर पांढऱ्या डागाला नमस्कार केला.

धरणी दुभंगली असती तर काका बाकासकट आत गेले असते. धरणी काही दुभंगली नाही. आतून हाक आली.

डॉक्टरबाईंनी डोळे तपासले. होते तसेच आहेत, फार खालावले नाहीत, असं त्या म्हणाल्या. सूनही काउंटर सोडून आत येऊन उभी राहिली होती. तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, डोळ्यांचं जाऊ द्या. माझं डोकं तपासायला कुठे जाऊ? न केलेली गोष्ट केली असं मला स्पष्ट आठवतं. लोकर बोटाला लागलेलीसुद्धा आठवते. अशाने एक दिवस मी या पोरीच्या घराला आग लावीन."

"असं नका हो म्हणू आई," सून म्हणाली.

डॉक्टरबाई गंभीर झाल्या. त्यांनी खुर्ची काकांकडे वळवली. "स्मृतीच्या डॉक्टरांकडे पाठवता येईल. पण मला घरातल्या माणसाकडून कळायला हवं. तुम्ही सगळा वेळ घरी असता ना? या खरंच असं विसरतात का? तुमच्या डोळ्यांनी काय पाहिलंत ते सांगा."

भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. सगळ्यात वरचं अक्षर एवढं मोठं, की ते दिसत नाही असं कुणालाच म्हणता येऊ नये. काका त्या अक्षराकडे बघत राहिले. मग त्यांनी कॅमेऱ्याच्या पिशवीची छोटी चेन उघडली. त्या दिवसापासून तो दोरा तिथेच होता. टाकवत नव्हता आणि ठेववतही नव्हता. त्यांनी तो वहिनींच्या तळहातावर ठेवला.

"विसरत नाही ती," काका म्हणाले. "दोरा बांधला होता. मी कापला. फोटोत येत होता म्हणून. नंतर बांधीन म्हटलं आणि... पिशवी फाटकाशी होती तेव्हाही मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हाही माहीत होतं, वहिनी."

वहिनींनी तळहात जवळ घेतला. दोरा बोटांत धरून त्यांनी अंगठ्याने चाचपला. गाठीपाशी अंगठा थांबला. दुहेरी गाठ. पुन्हा एकदा चाचपला.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या. मग पाठ ताठ करून डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "लिहून घ्या, डोकं शाबूत आहे."

डॉक्टरबाई हसल्या, सून रडत रडत हसली. काका कुणाच्याच हसण्यात नव्हते.

घरापर्यंत वहिनींनी त्यांचा हात धरला, कारण रस्ता दिसत नव्हता. पायरीवर बसल्यावर त्या बोलल्या. "फुलाचं काही नाही भावजी, असं मी म्हणणार होते. पण आहे. फार आहे. पिशवीतून काढून देठासकट उलटं टांगलं असतं, तर चार दाणे पिकलेही असते."

काकांनी कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

"आणि फुलापेक्षा हे, की इतके दिवस मी स्वतःला वेडी समजत होते, आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

"चहा गोड लागला नाही वहिनी, एकही दिवस."

"मग साखर मागायची," वहिनी म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. क्षमा केली की नाही? मला विचाराल तर, संध्याकाळी त्या भजन म्हणायला बसल्या आणि मधली ओळ त्यांनी खणखणीत म्हटली. काकांचा टाळ चुकला तसं नेहमीसारखं कोपरही मारलं. पण त्या प्रसंगाविषयी पुन्हा एक अक्षर काढलं नाही, आणि काकांना तेच जास्त लागत राहिलं. कुणी रागावलं की माणूस सुटतो. इथे सुटका नव्हती.

दवाखान्यातला फोटो काकांनी उतरवायला लावला. त्याच चौकटीत पहिला फोटो बसवला, दोऱ्यासकट. येणारी माणसं आता विचारतात, "फूल सुरेख आहे, पण हा लाल दोरा कशाला मध्ये?" सून काउंटरवरून म्हणते, "तो काढायचा नसतो."

पुढच्या साली ॲस्टर आले. कडेच्या झाडाच्या शेजारच्या फुलांचं बी होतं, त्यात कुठेतरी अंश असेल अशी वहिनींना आशा. आता त्यांना फूल पांढरं की निळं एवढंही ठरवता येत नव्हतं. म्हणून सकाळी त्या काकांचा दंड धरून वाफ्यात जायच्या, देठ बोटांत धरायच्या आणि विचारायच्या, "कड आहे?"

एका सकाळी एक फूल दिसलं, पांढरं. आणि टोकाला, काय सांगू, जांभळी नव्हे, पण उन्हाची तिरीप पडली की असल्यासारखी वाटावी अशी एक छटा. वहिनींनी दुसऱ्या हातात लाल लोकर तयार धरली होती. चेहरा वर केला होता, हनुवटी जरा वर. काकांच्या जिभेवर "आहे" आलं. म्हटलं असतं तर ती बाई त्या दिवशी किती हसली असती! जन्मभराचा तोच तर धंदा. नको ते काढायचं, हवं ते भरायचं.

काकांनी हाताने ऊन अडवून, सावलीत फूल पुन्हा पाहिलं.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "पांढरंच आहे."

"नक्की?"

"नक्की."

वहिनींनी देठ सोडला. "बरं. पुढचं दाखवा."

एवढीच गोष्ट. ते कडेचं फूल अजून आलेलं नाही, आणि तुमच्या समाधानासाठी मी ते इथे आणणारही नाही. पण एक मागणं आहे. कधी कुणाच्या बागेत, कुणाच्या दारी, देठाला बांधलेला दोरा दिसला आणि तुमच्या फोटोत तो मध्ये मध्ये आला, तर कात्रीकडे हात जाण्याआधी घटकाभर थांबा, आणि आमच्या त्या वहिनींची आठवण काढा. त्या अजून विचारतायत, कड आहे का म्हणून.